वास पेट्रोलचा, नाव माझं

धाकटी बहीण पहिल्यांदा स्वतःच्या मोटारीतून आमच्या दारात उतरली, तेव्हा मी उंबऱ्यावर उभी राहून हसत होते. त्या हसण्याला गल्लीतल्या बायका फसल्या असतील, मी नाही फसले. पोटात नुसता जाळ पेटला होता. हातात रिकामी घागर होती आणि ती तशीच धरून मी "ये गं बाई, ये" म्हणत होते.

आता सांगूनच टाकते, मला जळायची सवय होती आणि जळायला कारणंही होती. आम्ही दोघी नायगावच्या. बाप लवकर गेला. मायनं लोकांच्या रानात खुरपून दोघींना शाळेत घातलं. मी शिकले, डी.एड. केलं, नांदेडला शाळेवर लागले. धाकटीनं दहावीच्या गणितात जो मुक्काम टाकला तो टाकलाच. ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी, बोलायला गोड, आणि कामाला हात लावायची वेळ आली की हिचं हमखास डोकं दुखायचं. तरी नशीब बघा. मला नवरा मिळाला रेल्वेतला, मुदखेडला सिग्नलच्या कामावर, रोज डबा घेऊन जाणारा. भला माणूस, पण सायकलवरचा. तिला मिळाला कचेरीतला कारकून, आणि तो कारकून बघता बघता साहेब झाला.

त्याचं असं झालं, की उस्मानाबादेतून तोडून लातूरचा नवा जिल्हा केला. नवा जिल्हा म्हटल्यावर नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या, नवे साहेब. जुन्या पाट्या खरवडून त्यांवर ओल्या रंगात लातूर लिहिणं चाललं होतं, तेव्हाच आमच्या पाव्हण्यांना बढती मिळाली आणि ते तिथं गेले. धाकटीच्या नवऱ्याला मी पाव्हणे म्हणते. माणूस हुशार, सरळ, नावं ठेवायला जागा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग. सरकारनं एक आख्खा जिल्हा काढला तो काय हिला साहेबीण करायला काढला का, असं मी एकदा नवऱ्याला म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "जेव आता, भाकरी गार व्हायली."

गाडी उदगीरच्या एका अडत्याची होती. काळी, गोल पाठीची, जुन्या घाटाची. असल्या गाड्यांना आमच्याकडं डुक्करगाडी म्हणत. अडत्यानं नवी घेतली म्हणून ही पाव्हण्यांना दिली. उदगीरलाच टाकी गच्च भरून हे लोक आधी नायगावला गेले मायला दाखवायला, तिथं मुक्काम केला, आणि तिथून नांदेडला माझ्याकडं आले. मला दाखवायला म्हणा. मला जळवायला, असं मी म्हणाले.

धाकटी आत आली ती सरळ मोरीत गेली आणि नळ सोडून धारेकडं बघत उभी राहिली. त्या साली पावसानं सगळीकडंच दगा दिला होता. आमच्याकडं एक दिवसाआड का होईना नळ यायचा, लातूरला टँकरमागं पळावं लागायचं. "तुमची बरी गोदावरी हाय, आक्का," ती म्हणाली. मग माझ्या लोखंडी कपाटापाशी गेली. ते कपाट मी माझ्या पगारातून घेतलं होतं. आलं तेव्हा माय आमच्याकडंच होती आणि तिनंच ते हमालांकडून कोपऱ्यात लावून घेतलं होतं. कपाट चांगलं, पण पहिल्या दिवसापासून त्याचं दार आपोआप उघडायचं. मी दुकानदाराशी जाऊन भांडले, तो म्हणाला बाई, तुमची फरशी वाकडी. धाकटीनं त्या कपाटावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "समदं तुझ्या पगाराचं नव्हं?" म्हणाली. मला वाटलं, टोमणा मारतेय. दारात मोटार उभी करून माझ्या वाकड्या कपाटाचं कौतुक करणं याला दुसरं काय म्हणायचं.

मग तिनं मला गाडीत बसवलं. मागच्या गादीवर आम्ही दोघी, पुढं पाव्हणे. गाडी गोदावरीच्या पुलापर्यंत गेली असेल नसेल, तेवढ्यात माझ्या नाकात वास घुसला. पेट्रोलचा. चांगला डोक्यात जाणारा.

"पेट्रोलचा वास येतोय गं," मी म्हणाले.

तिचं तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, उदगीरहून नायगावला येताना तर नव्हता. पाव्हण्यांनी काचा खाली केल्या. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. साखर खाल्ल्यासारखं बरं वाटलं. घरी आल्यावर मी त्यांना पुरणाची पोळी करून घातली, एवढं बरं वाटलं.

पण ते सुख माझ्याच अंगाशी आलं.

लातूरला गेल्यावर त्या वासाचा शोध सुरू झाला. पाव्हण्यांच्या घराजवळ एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीनं पेट्रोलची नळी बदलली, पंप उघडून बघितला, टाकी खाली उतरवून साबणाचं पाणी लावून बघितली. कुठं काही नाही. गंमत म्हणजे गावात फिरताना वास येतच नव्हता. बाजार, कचेरी, टँकर आला का बघायला जाणं, सगळं बिनवासाचं. मग ते नांदेडला यायला निघाले की अहमदपूरच्या पुढं वास सुरू. एकदा तर धाकटीला लोह्याजवळ उलट्या झाल्या आणि ते अर्ध्या वाटेतून परत गेले. असं पुन्हा झालं. मग तिनं येणंच सोडलं. मी पोस्टकार्ड टाकलं तर उत्तर आलं, गाडीचा वास सोसत नाही, यष्टीत तर बसवत नाही. मी म्हटलं, बघा, साहेबिणीला आता यष्टी टोचायला लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच गेले लातूरला. यष्टीतून उतरून, उन्हात चालत, घामानं चिंब होऊन त्यांच्या फाटकाशी पोचले. लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती आणि कचेरीतला शिपाई ओल्या फडक्यानं ती पुसत होता. शेजारी अर्धी बादली पाणी. आमच्या गल्लीत त्या अर्ध्या बादलीत एका घराची आंघोळ झाली असती. मी बघत उभी राहिले, एवढंच. तेवढ्यात आतून धाकटीची सासू आली. लातूरला ती त्यांच्यापाशीच असायची, ठेंगणी, काटक, पाठीत जराशी वाकलेली. "आलाव का मास्तरीणबाई, बसा," म्हणाली, आणि बोलता बोलता हातातली चादर झटकून तिनं गाडीवर टाकली. टपापासून चाकांपर्यंत. कोपरे ओढून नीट केले आणि मग मला पाणी द्यायला आत गेली.

मला आधी वाटलं, धुळीसाठी असेल. पण दुपारी मी झोपायला आतल्या खोलीत गेले तर चादर निघाली, चहाला बाहेर आले तर पुन्हा पडली. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"हे काय चाललंय?" मी धाकटीला विचारलं. ती डाळ निवडत होती. "ऊन लागतंय गाडीला," म्हणाली. गाडी सावलीत होती. मी तिच्याकडं नुसतं बघितलं, तशी तिनं मान जी खाली घातली ती वर केली नाही.

उत्तर सासूनं दिलं. ती म्हातारी आडपडदा ठेवणारी नव्हती, ते एक तिचं मला आवडायचं. "राग मानू नका. म्या अडाणी बाई. पण एकेकाची नजर जड असती, त्याला ते माणूस तरी काय करील? गाडी उदगीरहून चांगली आली. तुमच्या दारात गेली, तुम्ही बसलाव, तुम्हीच म्हणलाव वास येतोय, आन तवापासून वास हाय. हितं न्हाई येत. तुमच्याकडं निघाली की येतो. मग म्या काय समजावं?"

पाव्हणे खुर्चीतून म्हणाले, "आई, काय बोलून राहिलीस तू. असलं काही नसतं." बोलले खरे. पण उठून चादर ओढली नाही. साहेबाला चादर ओढायला हात नव्हते का?

मी शाळेत विज्ञान शिकवते. नजर, करणी, भानामती हे सगळं थोतांड म्हणून पोरांना घसा फोडून सांगते. आमच्या समाजात तर हे सोडूनच किती वर्षं झाली, माझ्या मायनं देव्हारा मोडला तेव्हा मी तान्ही होते. दुसरं कुणी काही म्हणालं असतं तर मी तिथंच दहा वाक्यांत त्याचं तोंड बंद केलं असतं. पण इथं अडचण वेगळीच होती. नजर लागत नसते हे मला ठाऊक होतं, आणि मी जळत होते हेही मला ठाऊक होतं. त्या म्हातारीनं अर्धं खोटं सांगितलं होतं आणि अर्धं अगदी खरं. पुढं काय होणार तेही दिसत होतं. आज गाडीवर चादर पडली, उद्या धाकटीला लेकरू झालं की त्याच्यावर पदर पडेल, परवा या घरात मला कुणी बोलावणार नाही. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की माझ्या सख्ख्या बहिणीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"पाव्हणे," मी म्हणाले, "उद्या सकाळी टाकी भरून आणा. वास कुठून येतो ते मी काढते. आणि सापडला तर ही चादर मी माझ्या हातानं काढीन."

"आक्का, मिस्त्री थकले की," ते म्हणाले.

"मिस्त्रीची अब्रू गेली नाही, माझी जाऊन राहिलीय."

पाव्हणे हसले, पण सकाळी त्यांनी शिपायाला पाठवून टाकी भरून आणली. मी त्यांना एकच विचारलं, गावात फिरताना टाकीत पेट्रोल किती असतं? ते म्हणाले, थोडंसंच. गाव केवढं, भरून ठेवायचं कशाला? नांदेडला निघालो की मात्र भरतो. मी म्हटलं, म्हणजे वास माझ्या दाराला नाही, भरलेल्या टाकीला आहे. ते विचारात पडले. एवढा हुशार माणूस, जिल्ह्याचा कारभार बघणारा, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हातारी पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "भरलेल्यालाच नजर लागती."

मी एक जुनं पांढरं धोतर मागून घेतलं, फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं जागा लिहिली. एक पुढच्या पायाशी कोंबली, एक पुढच्या गादीखाली, एक मागच्या गादीखाली, एक मागच्या पाठीच्या फटीत, एक डिकीत सतरंजीच्या कडेखाली. डिकी सामानानं भरलेली होती, दोन पाण्याच्या कॅना, जॅक, दोर, काय काय. मी नुसता हात घालून चिंधी सरकवली. मग काचा बंद करून आम्ही नांदेडच्या रस्त्याला लागलो. धाकटीला मी मुद्दाम घेतलं. म्हटलं, साक्षीला चल. उन्हाळ्याचे दिवस, काचा बंद, गाडीची भट्टी झाली होती. दोन्ही बाजूंची रानं नांगरून तशीच उघडी पडलेली. मी अधूनमधून खाली वाकून, मागं वळून हुंगत होते. पाव्हणे आरशातून बघत होते. साहेबाला मेव्हणी कुत्र्यासारखी हुंगताना बघायला मिळाली, तेवढंच त्यांचं मनोरंजन.

वास आला. आधी हलकासा, मग रस्ता जिथं वळणावळणाचा आणि खड्ड्यांचा झाला तिथं एकदम भपकारा. धाकटीनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, वळवा आता.

घरी आल्यावर मी पायरीवर बसले आणि एकेक चिंधी काढून नाकाला लावली. पुढची कोरडी, तिला घामाचा वास. गादीखालच्यांना धुळीचा. पाठीच्या फटीतलीला पेट्रोलचा, पण लांबचा. डिकीतली चिंधी हाताला लागली ती ओलीच होती.

सगळं सामान बाहेर काढलं, सतरंजी उचलली. तिथं मला पहिल्यांदा कळलं, की या गाडीच्या टाकीचं तोंड बाहेर नव्हतंच, डिकीच्या आत होतं. अडत्याला भीती, ड्रायव्हर लोक नळी घालून पेट्रोल चोरतील, म्हणून त्यानं तोंड आत वळवून घेतलं होतं, म्हणजे डिकीला कुलूप लावलं की टाकीलाही लागलं. अडत्याचं डोकं ते. कोपऱ्यात ती नळी, तिच्यावर झाकण, आणि झाकणाखाली नळीच्या गळ्यात काळा करदोडा गुंडाळलेला. लहान लेकराच्या कमरेला बांधतात तसला, जाड, सुताचा. त्याला चिंधीत बांधलेला एक बिब्बा लटकत होता. करदोड्याचं एक टोक झाकणाखालून आत टाकीत सोडलेलं, दुसरं खाली पडून गादीच्या पाठीपर्यंत गेलेलं. आणि तो आख्खा करदोडा पेट्रोलनं निथळत होता.

दिव्याची वात तेल ओढते तसं चाललं होतं ते. टाकी भरली की खड्ड्यात पेट्रोल उसळून तोंडापर्यंत यायचं, करदोड्याला धरून बाहेर चढायचं आणि गादीमागं झिरपायचं. टाकीत तळाला असलं की काही नाही. एवढं सोपं. मी उठून उभी राहिले आणि इतकी खूश झाले, की त्या म्हातारीकडं बघताना माझ्या तोंडावर काय होतं ते मलाच बघायला हवं होतं.

पाव्हण्यांनी गॅरेजवाल्या मिस्त्रीला हाक मारली. तो आला, बघितलं, म्हणाला, "हे तर मला दिसलं होतं की साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"नजरेचा दोरा हाय. घरच्या बाईमाणसानं बांधलेला. तो आपण कसा सोडावा? बाजूला सारून काम केलं आन होता तसा ठेवला. पंपावरचं पोरगं बी तसंच करतंय, इचारा त्याला."

शिपायालाही ठाऊक होता. मिस्त्रीला ठाऊक, पंपावर ठाऊक, शिपायाला ठाऊक. साऱ्या लातुरात ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबाला, कारण साहेब आपल्या हातानं डिकी उघडत नव्हता. नजर बिजर काही नसतं असं म्हणणारा तोच एक, आणि ज्यानं दोरा बघितला नाही तोही तोच एक. मला हसू आवरेना.

मग मी वळले म्हातारीकडं. "आत्याबाई, माझ्या नजरेसाठी बांधलात, आणि त्याचाच वास सुटला. आता काढू का चादर?"

ती उठून जवळ आली, वाकून बघितलं आणि मान हलवली. "म्या न्हाई बांधला. म्या काय करायचं ते तुमच्या तोंडावर करती. चादर टाकली ती तुमच्या देखत टाकली. हे चोरून बांधलेलं काम माझं न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. ते कळलं आणि मी तो बिब्बा पुन्हा हातात घेतला. चिंधी पेट्रोलनं काळी पडली होती तरी रंग कळत होता. हिरवी, त्यावर पिवळी बुट्टी. माझी साडी. शाळेतल्या पहिल्या वर्षाची. विटल्यावर मी ती मायकडं गोधडीला दिली होती.

आता हे सांगायला पाहिजे. लहानपणी आमची एक म्हैस होती. ती एकाएकी आटली तेव्हा मायनं शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्याची कड फाडून आणली, तिच्यात बिब्बा बांधला आणि म्हशीच्या गळ्यात घातला. मी विचारलं होतं, हिच्याच लुगड्याची का? माय म्हणाली होती, ज्याची नजर त्याचीच चिंधी, न्हाई तर बिब्ब्याला कसं कळावं कुणाला आडवायचं.

मी धाकटीकडं बघितलं. तिनंही चिंधी ओळखली होती. मी ती चिंधी बिब्ब्यासकट सोडवून पिशवीत टाकली. पाव्हण्यांनी करदोडा कापून फेकला, झाकण घट्ट बसवलं. म्हातारीनं आपण होऊन चादर काढली, घडी केली आणि म्हणाली, "चुकलं माझं, मास्तरीणबाई." चादर मी माझ्या हातानं काढणार होते, ते राहूनच गेलं. जिंकले होते मी, साऱ्या घरादारासमोर जिंकले होते, पण त्याची गोडी लागेना. परक्या म्हातारीचं एक वेळ सोडून द्यावं. इथं माझ्या मायनं मला शेजारणीच्या जागी बसवलं होतं.

पाव्हणे म्हणाले, गाडीनं सोडतो. मी नको म्हणाले. यष्टीनंच नायगाव गाठलं.

माय घरात नव्हती. टँकरच्या वाटेवर हंडे मांडून बायका बसल्या होत्या, त्यात ती होती, डोक्यावर पदर, मांडीवर मांडी. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पिशवीतून ती चिंधी काढून धरली. बाकीच्या बायका आपल्या बोलण्यात होत्या.

तिनं बघितलं, जराशी हसली. "हुंगत हुंगत तिथवर गेलीस व्हय?"

"माझ्या नजरेसाठी बांधलास?"

"मग कुणाच्या? गाडी बघून गाव खूश झालं. खूश न्हाई होणार ती तूच, हे मला ठावं होतं. रातच्याला ते झोपल्यावर उशाची चावी घेतली, डिकी उघडून बांधला."

"मी तुझी लेक आहे का कोण?"

"लेक हायस म्हणून तर ठावं हाय. दुसऱ्याच्या लेकीचं मला काय कळतं?" तिनं मला हाताला धरून खाली बसवलं. "तू वाईट न्हाईस. पण तुझं पोट जळतं. एका ताटात दोघींना बसवलं की तुझा डोळा तिच्या भाकरीवर. तिची मोठी का तुझी मोठी. म्या मोजून देत होते, तरी तुझा डोळा तिथंच."

"आणि विहारात पुढं बसतेस ते? देव सोडलास, उपास सोडलास."

"ते समदं सोडलं. नजर मातर सोडवंना. नजर काय देवाची असती का? माणसाचीच असती की."

मला रडू आलं. रागाचंच होतं ते. हंड्यांच्या रांगेत बसून मी, नांदेडची मास्तरीण, लहान पोरीसारखी नाक ओढत होते. म्हणाले, "तुला कायम तीच गोड. तिच्या गाडीला जपलंस, माझ्यापासून. माझं काय जपलंस तू कधी?"

मायनं रस्त्याकडं बघितलं, टँकर येतो का म्हणून. मग म्हणाली, "तुझ्या कपाटाचा मागला पाय बघितलास का कधी?"

"कपाटाचं काय?"

"ते घ्यायचं ठरवलंस, तवाच, कपाट घरी यायच्या आधी, धाकटी हितं आली होती. तोंड पाडून बसली. भाकरी गोड लागंना तिला. म्हणली, आक्काच्या हातात पगार हाय. मला बांगड्या भरायच्या म्हणलं तरी ह्यांच्या तोंडाकडं बघावं लागतं. आक्का कुणाला न इचारता कपाट घेती. लई रडली." तिनं आपला हंडा जरासा पुढं सरकवला. "तिचा डोळा तुझ्यापेक्षा काय हलका न्हाई. मग म्या कुणाकुणाला बांधू? दोघी माझ्याच."

तेवढ्यात टँकर आला आणि सगळ्या बायका उठल्या. मी मायचा हंडा भरून घरी नेऊन ठेवला. तिच्या बाजेवर गोधडी होती, तिच्यात माझी हिरवी साडी आणि धाकटीची जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची, शेजारी शेजारी शिवलेल्या. ती गोधडी मी वर्षानुवर्षं बघत होते. कोपऱ्यांतून दोन्ही साड्यांचे तुकडे कापलेले होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

नांदेडला आले तेव्हा नवरा नुकताच मुदखेडहून येऊन सायकल आत घेत होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, कपाट उचला जरा मागून. तो म्हणाला, आता काय हरवलं? पण उचललं. मी पालथी पडून हात घातला. मागल्या पायाखाली काहीतरी चेपलेलं होतं. काढून बघितलं तर करदोड्याचे वेढे, मध्ये चपटा झालेला बिब्बा, आणि त्याच्यावर जांभळी चिंधी, पांढऱ्या ठिपक्यांची.

नवरा कपाट तसंच धरून उभा होता. "त्याच्यानंच दार उघडत होतं होय?" म्हणाला. "त्या दुकानदाराला किती बोललीस तू. फेक ते आता, दार सरळ होईल."

मी फरशीवर बसले आणि हसायला लागले. ती मोरीत नळाकडं बघत उभी राहिलेली आठवली, कपाटावरून हात फिरवणारी आठवली. मोटारीतून उतरलेली माझी देखणी बहीण माझ्या पगारावर, माझ्या कपाटावर, माझ्या एक दिवसाआडच्या नळावर जळत होती, आणि मला पत्ताच नव्हता. एवढी सुखाची गोष्ट माझ्याच घरात, माझ्याच कपाटाखाली पडून होती.

मी तो बिब्बा होता तसा पायाखाली ठेवला आणि म्हटलं, "सोडा आता खाली."

त्यानं कपाट खाली ठेवलं. दार हळूच आपोआप उघडलं.

"अगं, मग काढलं कशाला?" तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात धाकटी येणार आहे."